रजेचा अर्ज

"आत बोलावलं असतं," टिलरी म्हणाले, "पण बायकोला आज बरं नाहीये. इथंच बोलू."

इथंच म्हणजे त्यांच्या गॅरेजच्या दारात. यूमात जुलैच्या दुपारी सावलीलाही चटका असतो. आत एक अर्धवट रंगवलेली होडी ट्रेलरवर चढवून ठेवली होती आणि टिलरींच्या कोपरापर्यंत निळा रंग लागलेला होता. त्यांनी हात पुसले नाहीत, पुढेही केले नाहीत.

"मला काढून टाकून चौदा वर्षं झाली, चीफ," माझा भाऊ रॉडेल म्हणाला. जहाजावरचे त्याचे वरिष्ठ टिलरी निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी त्याच्या तोंडी चीफच होतं. "येत्या मार्चला पंधरा होतील. मग नौदलाचं मंडळ समोर बसवून ऐकून घेत नाही. म्हणून आलो. एकच विचारायचंय. मी रजेचा अर्ज दिला होता की नव्हता?"

टिलरींनी माझ्याकडे पाहिलं. "ही कोण?"

"बहीण. मरिविक. गाडी तिची आहे."

"दिला होतास," टिलरी म्हणाले. "गुरुवारी. डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट."

सॅन दिएगोपासून इथपर्यंतच्या तीन तासांत मी या माणसाशी मनातल्या मनात भांडत आले होते. तो नाही म्हणेल, मग मी असं म्हणेन, मग तो दार लावेल. तो हो म्हणेल हे मी धरलंच नव्हतं. रॉडेल रंगाच्या उपड्या डब्यावर बसला.

"मग चौकशीत तुम्ही का लिहिलंत, अर्ज आलाच नाही?"

"कारण मी तो वर पाठवलाच नव्हता. तो का पाठवला नाही, ते मला विचारू नकोस. घरी जाऊन बापाला विचार."

"तातायचा काय संबंध?" मी म्हटलं. आम्ही वडिलांना ताताय म्हणतो.

"शुक्रवारी त्याचा फोन आला. म्हणाला, चीफ, मीही याच नौदलात चोवीस वर्षं काढलीत. पोराचं बढतीच्या यादीत नाव आहे. आत्ता रजा घेतली तर नाव गळेल. त्याची आई काही लगेच जात नाही, डॉक्टरांनी दोन आठवडे सांगितलेत. त्याला रजा देऊ नका." टिलरींनी होडीवरचा ओघळ अंगठ्याने पुसला. "इंजिनखोलीत माझी माणसं आधीच कमी होती. मला तेच ऐकायचं होतं. अर्ज खणात टाकला. पुढे तू जहाज सुटेपर्यंत आलाच नाहीस, आणि मी घाबरलो. माझी निवृत्ती दोन-तीन वर्षांवर होती."

घरातून एका बाईच्या खोकण्याचा आवाज आला.

"साक्षीला फोन कर, मी उचलेन," टिलरी म्हणाले. "पण अर्धं सांगणार नाही. म्हाताऱ्याचं नाव येईल. ते चालत असेल तरच कर."

परतीच्या वाटेवर डोंगर चढताना रॉडेलने गाडीची काच खाली केली. मग एकदम म्हणाला, "टिलरींना बोलवायचं नाही."

"कुया, डोकं ठिकाणावर आहे का?" मोठ्या भावाला आम्ही कुया म्हणतो, आणि चिडले की मी ते जरा लांबवून म्हणते. "चौदा वर्षं ज्याच्या मागे होतास तो माणूस हो म्हणाला, आणि तू—"

"ताताय शहात्तर वर्षांचे आहेत. मंडळाच्या पंचवीस अधिकाऱ्यांसमोर त्यांची—"

"पाच."

"पाच तर पाच. वकीलबाईंना सांग, टिलरी बोलायला तयार नाही."

"तूच सांग. मी खोटं बोलायची नाही."

"बरं. मी सांगतो."

आमचे ताताय फिलिपिन्समधून सुबिकच्या अमेरिकी तळावर भरती झाले, तेव्हा आमच्या माणसांना नौदलात एकच काम मिळायचं. अधिकाऱ्यांना जेवण वाढायचं, त्यांचे बूट चमकवायचे, कॉफी ओतायची. चोवीस वर्षं त्यांनी कॉफी ओतली. मुलगा मात्र इंजिनखोलीत गेला, हातात पाना घेऊन. नॅशनल सिटीतल्या डोनटच्या दुकानात दर रविवारी जुने वाढपी जमतात. तिथे वर्षभर ताताय दुसरं काही बोलतच नव्हते. त्यानंतर तो कागद आला. त्यावर लिहिलं होतं, सेवामुक्ती सन्मानाविना. तेव्हापासून कोणी विचारलं तर ताताय एवढंच सांगायचे, "रॉडेल फ्रिज दुरुस्त करतो."

फ्रिज म्हणजे दुकानांतली मोठी शीतकपाटं. काम चांगलं करायचा. पण गोदीत जागा निघाली की अर्जावर एक रकाना असायचाच, सेवामुक्तीचा प्रकार. चार वेळा त्याने तो खरा भरला आणि चारही वेळा बोलावणं आलं नाही. मी एकदा म्हटलं, सोड ना नाद, पोटापुरतं मिळतंय. तर म्हणाला, "विक, आईजवळ बसलो हा गुन्हा आहे असं माझ्या कागदावर लिहिलंय. ते मला पुसून हवंय."

यूमाहून परतताना संध्याकाळी तातायच्या घरी गेलो तर ते चिंचेच्या रश्शात मासा शिजवत होते. "भेटला का टिलरी?" त्यांनी पातेल्यात बघतच विचारलं.

"भेटला," रॉडेल म्हणाला. "होडी रंगवतोय."

"काय म्हणाला?"

"काही नाही. उकडतंय म्हणाला."

आम्ही तिघं जेवलो. मी तातायकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तोंडून निघालंच असतं.

सुनावणी सप्टेंबरात होती, ओर्नेलासबाईंच्या कचेरीत. आमच्या या वकीलबाई नौदलातून असं काढलेल्या लोकांचे खटले फुकट चालवतात. भिंतीवरच्या पडद्यावर पाच गणवेशातले चेहरे आले. मधले अध्यक्ष. रॉडेलने नवा शर्ट घातला होता, त्याच्या कॉलरमागची टाचणी मी आयत्या वेळी काढली. ताताय माझ्या शेजारी. ते मुलाच्या वागणुकीबद्दल दोन शब्द सांगणार होते. बाईंनी ते टाइप करून दिले होते.

पहिला अर्धा तास ठीक गेला. मग अध्यक्षांनी चष्मा लावला.

"तुम्ही म्हणता, रजेचा अर्ज दिला होता. त्याची प्रत?"

"नाही, सर."

"तुमच्या चीफांनी लिहून दिलंय की अर्ज आला नाही. ते खोटं बोलले असं तुमचं म्हणणं आहे?"

ओर्नेलासबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"त्यावर मला काही बोलायचं नाही, सर."

बाईंचं पेन थांबलं. पडद्यावरच्या एका अधिकारी बाईने काहीतरी टिपून घेतलं.

"त्या सकाळी तुम्हाला दोन तास बाहेर जायची परवानगी होती," अध्यक्ष म्हणाले. "नऊला परत यायचं होतं. का आला नाहीत?"

"आई मरत होती, सर."

"डॉक्टरांचा अंदाज तर दोन आठवड्यांचा होता."

"मी तिचा श्वास ऐकत होतो, सर. डॉक्टर नव्हते तिथे."

"जहाज दहाला सुटणार हे माहीत होतं?"

"होय, सर."

"सहा महिन्यांच्या मोहिमेवर निघालेलं जहाज. तुमची जागा कोणीतरी भरून काढली असणार. म्हणजे तुम्ही निवडलंत."

"होय, सर. निवडलं. तीन दिवसांनी तिला पुरलं आणि मी स्वतः तळाच्या फाटकावर हजर झालो. त्यांनी सांगितलं, खटला हवा की सही करून बाहेर पडतोस. मी बावीस वर्षांचा होतो. सही केली."

अध्यक्षांनी कागद सरळ केले. तो आवाज मला अजून आठवतो. निकाल लागल्यावर माणसं कागद सरळ करतात तसा.

"आता वडिलांना ऐकू," ते म्हणाले.

ताताय उठले. बसून बोललं तरी चालेल असं ओर्नेलासबाई म्हणाल्या, पण ते उभेच राहिले. बाईंनी टाइप करून दिलेला कागद त्यांनी चार घड्या करून खिशात टाकला.

"मी ॲन्सेल्मो कातापांग. मला हे वाचायचं नाही, सर. अर्ज दिला होता."

"तुम्ही पाहिलात?"

"नाही, सर. मी तो अडवला."

"ताताय, बसा," रॉडेल हळूच म्हणाला. त्याने खरोखरच त्यांची बाही धरली. तातायनी ती सोडवून घेतली.

"मी चीफांना फोन केला. त्यांना म्हटलं, रजा देऊ नका. आजारी माणसं आठवडेच्या आठवडे काढतात, जहाज थांबत नाही. मला वाटलं, पोराचं भलं करतोय. ही दोघं उन्हाळ्यात यूमाला जाऊन आली. आल्यावर मला काहीच विचारलं नाही. दोन महिने झाले, एक शब्द नाही. तेव्हाच मला कळलं की यांना कळलंय."

पडद्यावरच्या त्या अधिकारी बाईने पेन खाली ठेवलं.

"मिस्टर कातापांग," अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या मुलाच्या फायद्यासाठी तुम्ही हे आज सांगताय, असं कोणी म्हणेल."

"म्हणू दे, सर. मग हेही ऐका." तातायनी खुर्चीची पाठ धरली. "त्या दिवशी मी इस्पितळात नव्हतो. पाद्रीबाबांना आणायला गेलो होतो असं मी घरात सांगितलंय. मी धक्क्यावर होतो. पोरगा निघतोय हे डोळ्यांनी बघायला. कठड्याला ओळीने पोरं उभी होती. लांबून सगळी सारखीच दिसतात. एकाला मी माझा समजलो आणि हात हलवला. जहाज वळून दिसेनासं होईपर्यंत हलवत होतो. परत आलो तर पोरगा तिच्या खाटेजवळ बसलेला. ती गेली होती. तिच्याकडे बघायच्या आधी मी त्याला म्हटलं, 'तू इथे कसा?' तिच्यासमोर माझं पहिलं वाक्य ते झालं, सर. म्हणजे, तिच्या पश्चात."

मी तेव्हा सोळा वर्षांची होते, शाळेत परीक्षा देत होते. चौदा वर्षं मला वाटत आलं होतं की ताताय पाद्रीबाबांना घेऊन येताना वाहतुकीत अडकले.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "चीफ टिलरींशी आत्ता बोलता येईल?"

ओर्नेलासबाईंनी रॉडेलकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. नंबर मी दिला. सातव्या घंटेला टिलरींनी फोन उचलला आणि यूमात सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. स्वतःचा भित्रेपणाही वगळला नाही.

कचेरीतून बाहेर पडलो तेव्हा रॉडेल म्हणाला, "विक, तू त्यांना घरी ने. मला कामावर जायचंय." त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

त्यानंतर सहा आठवडे तो तातायकडे फिरकला नाही. त्यांचं किराणा सामान, गोळ्या मीच नेऊन देत होते. ताताय विचारायचे, "फ्रिजची कामं जास्त आलीत का त्याला?" मी म्हणायचे, हो, जास्त आलीत. रविवारी ते डोनटच्या दुकानात जायचे बंद झाले होते.

नोव्हेंबरात पत्र आलं. तीन विरुद्ध दोन मतांनी सेवामुक्ती बदलली होती. सन्मानपूर्वक नव्हे, त्याच्या खालची पायरी, सर्वसाधारण, सन्मान्य परिस्थितीत. अर्ज अडवला गेला हे मंडळाने मान्य केलं होतं, पण गैरहजेरीचे ते तीन दिवस तसेच राहिले. ओर्नेलासबाई फोनवर हळहळल्या, म्हणाल्या, वरच्या मंडळाकडे जाता येईल, दोनेक वर्षं लागतील.

"नको," रॉडेल म्हणाला. "सन्मान हा शब्द आलाय ना कागदावर? गोदीला तेवढा पुरतो."

त्या शनिवारी तो तातायकडे आला. मी तिथेच होते, भांडी विसळत होते. त्याने पत्र टेबलावर ठेवलं आणि बसला. तातायनी ते दोनदा वाचलं. वाचताना बोट ओळीखालून सरकत होतं.

"पूर्ण नाही दिला."

"नाही."

"तो अर्ज गेला असता तर आज हे लागलंच नसतं."

रॉडेल नाही म्हणाला नाही. मला वाटलं होतं, म्हणेल. त्याने उठून भात आणि मासा वाढून घेतला, तातायनाही वाढला. दोघं जेवू लागले. मग तातायनी चमचा खाली ठेवला.

"शेवटी ती काही बोलली का?"

चौदा वर्षांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. मी नळ बंद केला.

"दहा वाजून गेल्यावर डोळे उघडले," रॉडेल म्हणाला. "विचारलं, जहाज गेलं का? मी म्हटलं, गेलं."

"मग?"

"म्हणाली, मग आता बूट काढ."

ताताय त्याच्याकडे बघत राहिले.

"काढलेस?"

"काढले," रॉडेल म्हणाला, आणि माशाचा काटा काढून त्यांच्या ताटात घास ठेवला.