अकरा मिनिटांची बडबड

प्रल्हाद दर पंधरा दिवसांनी आईला पत्र पाठवायचा, तेही बोलून. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावाहून अकोल्याला फोन परवडायचा नाही आणि लिहायचा भारी कंटाळा. मग रविवारी दुपारी टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची, रेकॉर्डचं बटण दाबायचं आणि तोंड सोडायचं. त्या रविवारीही त्यानं तेच केलं. बोलून झाल्यावर एकदा ऐकावं म्हणून टेप मागे घेतली. “बरं आई, बंद करतो आता,” असं त्याचाच आवाज म्हणाला आणि त्याला लागून, कुठूनतरी मधूनच, गिटार सुरू झाली.

प्रल्हादनं झाकण उघडून पाहिलं. कोऱ्या कॅसेटऐवजी मशीनमध्ये प्रोफेसर लॅम्बर्टची कॅसेट होती.

लॅम्बर्ट त्याचे गाइड. दोन वर्षांत कामापलीकडे चार शब्द बोलले नसतील. पण अख्ख्या लॅबमध्ये दोन कॅसेटचा टेपरेकॉर्डर एकट्या प्रल्हादकडे, म्हणून शुक्रवारी त्यांनी ती कॅसेट आणून दिली होती. अडुसष्ट साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉलमध्ये दोन रॉक बँड आपापलं वाजवून झाल्यावर, काडीचीही तालीम न करता, एकत्र स्टेजवर चढले होते. त्यांत लॅम्बर्टचा धाकटा भाऊ रॉय गिटारवर होता. पुढच्याच वर्षी तो व्हिएतनाममध्ये मारला गेला. मूळ रीळ कधीच हरवलं होतं. “त्याचं एवढंच उरलंय, कॉपी करून दे,” लॅम्बर्ट म्हणाले होते.

आणि या शहाण्यानं कॉपी करायच्या आधीच तिच्यावर आईशी अकरा मिनिटं गप्पा मारल्या होत्या.

“बसमध्ये राहिली म्हणून सांग ना, यार,” त्याचा रूममेट श्रीरंग म्हणाला. “थीसिसवर त्यांची सही व्हायचीय अजून. वेडा आहेस का?”

“भावाच्या वाजवण्याचा अजून अर्धा तास शिल्लक आहे तिच्यात. हरवली म्हटलं की तोही गेला.”



सोमवारी सकाळी कॅम्पसच्या बसमध्ये प्रल्हादनं माफीची वाक्यं घोटून पाठ केली. लॅम्बर्टच्या खोलीत शिरताच ती सगळी पळाली. त्याच्या तोंडून कसंबसं झालेलं तेवढं बाहेर पडलं. लॅम्बर्टनी कॅसेट लावली. प्रल्हादचा आवाज खोलीभर झाला. पळून जावं असं त्याला मनापासून वाटलं.

“तू बोलतोयस ना, इथे रॉय एकटाच वाजवतो,” लॅम्बर्ट म्हणाले. “बाकीचे सगळे थांबून ऐकतात.” मग त्यांनी विचारलं, “काय सांगतोयस आईला?”

प्रल्हाद एकेक वाक्य इंग्रजीत सांगू लागला. बर्फ खूप पडलाय. भात मऊ होतो. स्वेटर पोचला. शेवटी मात्र तो अडखळला.

“हे काय म्हणालास?”

आईला बरं वाटावं म्हणून मारलेली थाप होती ती. आता सांगणं भाग होतं.

“माझी काळजी करू नकोस, म्हणालो. सर मला धाकट्या भावासारखं वागवतात.”

तेवढ्यात गिटार सुरू झाली. लॅम्बर्ट खिडकीकडे तोंड करून अर्धा तास ऐकत राहिले. प्रल्हादला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो उभाच राहिला.

टेप संपल्यावर लॅम्बर्टनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे मोडले. ते मोडले की कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही.

“हे मी तेव्हाच करायला हवं होतं,” ते म्हणाले. “आता तुझंही पुसलं जाणार नाही.”