फेमीची बॅटरी

"खेरीट, तुला कसला वास येतोय का?" लुबर्टनं दार उघडल्याउघडल्या विचारलं.

साडेदहाच्या कॉफीला मी रोज समोरच्या माझ्या घरातून त्याच्याकडे जातो. त्याच्या घराचे वास मला पाठ आहेत: कॉफी, लाकडी कपाटांचं पॉलिश आणि खिशातल्या पेपरमिंटच्या गोळ्या. हा वास वेगळा होता. गोडसर, बायका नखांचा रंग काढतात त्या पाण्यासारखा.

"दुसरं लग्नबिग्न करतोयस की काय?" मी म्हणालो.

तो हसला नाही. त्यानं दाराशेजारचं कोटांचं कपाट उघडलं. आत त्याच्या बायकोचा, फेमीचा निळा रेनकोट टांगलेला होता, त्याच्याखाली तिच्या विजेच्या सायकलची बॅटरी, आणि बॅटरीला चार्जर लावलेला. बॅटरीच्या काळ्या खोक्याची शिवण एका बाजूनं उसवली होती. हात जवळ नेला तर इस्त्रीसारखी धग लागली.

मी काम्पेनचा. थापांबद्दल आमच्या गावाचं नाव आहे आणि ते राखण्यात माझाही थोडा हातभार आहे. एका हिवाळ्यात आयसेल नदी इतकी गोठली की पुलाची सावलीच बर्फात अडकून बसली आणि एप्रिलपर्यंत पूल बिनसावलीचा उभा होता, असं मी बेल्जियमच्या एका जोडप्याला अगदी गळ्याशपथ सांगितलं होतं. लुबर्ट तेव्हा त्याच पुलाचा रखवालदार; बोटी आल्या की पूल वर उचलायचा. तो केबिनमधून खाली आला आणि त्यांना म्हणाला, "असं काही झालेलं नाही." एवढं बोलून पुन्हा जिना चढून वर गेला. चौतीस पायऱ्या. माझी थाप दुरुस्त करायला हा माणूस चौतीस पायऱ्या उतरला आणि चौतीस चढला. ही बॅटरीची गोष्ट मात्र मी घडली तशी सांगतोय. हिच्यात भर घालायचा मला धीर होत नाही.

तर मी भिंतीतला प्लग ओढला, खिडक्या उघडल्या आणि अग्निशमनवाल्यांना फोन केला. लुबर्ट रेनकोट हातात घेऊन जिन्यात उभा राहिला. दोघं आले, एक दांडगा गडी आणि एक बाई. त्यांनी लांब चिमट्यानं बॅटरी उचलली, खाली अंगणात नेली आणि पाण्यानं भरलेल्या लोखंडी पिंपात सोडली. बराच वेळ बुडबुडे येत राहिले.

"कोटांच्या कपाटात, आणि तेही बाहेर पडायच्या एकुलत्या एका दाराजवळ कुणी ठेवली होती?" बाईनं विचारलं.

"मी," लुबर्ट म्हणाला.

"सायकलखोलीत नियमांचा कागद लावलाय, तो वाचला नाहीत का?"

"मीच लिहिलाय."

बाईनं हेल्मेट काढलं. मग म्हणाली, "चांगला लिहिलाय, आजोबा. एक प्रत मागणारच होते मी."

कागद खरंच चांगला होता. पलीकडच्या इमारतीत आग लागल्यावर आमच्या सोसायटीनं तळघरातल्या सायकलखोलीत चार्जिंग बंद केलं. बॅटऱ्या ज्यानं त्यानं आपल्या घरी भरायच्या असं ठरलं, आणि नियम लिहायचं काम अर्थात लुबर्टकडे आलं. मूळ चार्जरच वापरा. फरशीवर ठेवा, पडद्यांपासून दूर. थंडीतून आणलेली बॅटरी तासभर घरात राहू द्या, मग लावा. जागे असाल तेव्हाच भरा. भरली की काढा. स्वतःची बॅटरी तो अशीच भरायचा. स्वयंपाकघरात फरशीवर ती, आणि समोर खुर्ची टाकून हा. चार चार तास. गाय व्यायला झाली आहे आणि हा बाळंतपणाला बसला आहे, असंच कुणालाही वाटावं. मी चिडवलं की म्हणायचा, "पूल वर असताना रखवालदार खुर्ची सोडतो का?"

आणि त्याच माणसानं बायकोची बॅटरी कपाटात लपवून रात्रंदिवस चार्जरला जुंपून ठेवली होती.

"का रे असं केलंस?" पिंप गाडीत चढवून ते दोघं गेल्यावर मी विचारलं.

"काढली की दोन दिवसांत थोडी उतरते," तो म्हणाला. "मग ती भरलेली नसते."

"पण ती वापरतंय कोण?"

"फेमी विचारते ना."

निवृत्त झाला त्या वर्षी दोघांनी एकसारख्या दोन विजेच्या सायकली घेतल्या होत्या. रविवारी नदीच्या बांधावरून दोघं जायची, फेमी पुढे आणि हा मागे. नंतर फेमी रस्ते विसरू लागली, मग माणसं. गेले चौदा महिने ती बांधाच्या टोकाला, अकरा किलोमीटरवरच्या शुश्रूषागृहात होती. लुबर्ट रोज दुपारी सायकलनं जायचा. त्याला ती ओळखत नव्हती. तिच्या लेखी तो सायकलच्या दुकानातला माणूस. रोज एकच प्रश्न: "अहो, माझी बॅटरी भरली का?"

"भरली आहे, बाई," हा सांगायचा. मग ती शांत व्हायची. सायकल तयार आहे, मनात येईल तेव्हा घरी जाता येईल, एवढ्यावर तिचा दिवस पार पडायचा. एकदा हा म्हणाला होता, "अजून थोडी राहिली आहे." कारण खरंच थोडी राहिली होती. त्या दिवशी फेमी अंधार पडेपर्यंत बूट शोधत रडत होती.

"मग नवीन घे," मी म्हणालो.

"ते मॉडेल बंद झालंय. दुकानदार शोधतोय. सहा आठवडे म्हणाला, मिळाली तर."

"मग तुझी भर आणि तीच तिची समज."

"ती माझी आहे."

"अरे बाबा, दोन्ही सारख्याच आहेत."

"माझ्यावर माझं नाव आहे."

या माणसाशी एक्कावन्न वर्षं संसार करणाऱ्या फेमीला पदक द्यायला हवं होतं. मी त्याला बसवलं, कॉफी ओतली, डब्यातून एक बिस्कीट त्याला दिलं, एक मी घेतलं आणि झाकण लावलं.

"आज दुपारी तिला खोटं सांगायचं," मी म्हणालो. "मी शिकवतो. डोळ्यांत बघायचं नाही, नाकाच्या शेंड्याकडे बघायचं. एकदम उत्तर द्यायचं नाही, आधी काहीतरी हातात घ्यायचं. आणि खोट्याला एक खरी गोष्ट जोडायची. आज वारा आहे, म्हण. वारा खरा आहेच. चल, मी फेमी. अहो, माझी बॅटरी भरली का?"

"बाई," लुबर्ट म्हणाला, आणि तिथेच अडला. सात वेळा अडला. आठव्यांदा वाक्य पुरं झालं, पण एखादा चोर चौकीत कबुली देतोय असंच वाटत होतं.

दुपारी मी सोबत गेलो. माझी सायकल साधी, वारा समोरून. बांधावर त्यानं न सांगता माझ्या पाठीवर हात टेकला आणि आपल्या मोटारीच्या जोरावर मलाही ढकलत नेलं. अकरा किलोमीटर एक शब्द बोलला नाही.

फेमी खिडकीपाशी बसली होती, स्वेटरची बटणं वरखाली लावलेली. आम्हाला बघून तिनं मान लववली, दुकानात शिरल्यावर लववतात तशी.

"अहो, माझी बॅटरी भरली का?"

लुबर्टनं टेबलावरचा चमचा उचलला. तिच्या नाकाच्या शेंड्याकडे पाहिलं.

"भरली आहे, बाई," तो म्हणाला. "आज वारा आहे."

फेमी त्याच्याकडे बघत राहिली. आधी चेहऱ्याकडे, मग बाजूला, कानांकडे. त्याचे कान टोमॅटोसारखे लाल झाले होते. तिच्या कपाळावर आठी पडली. चौदा महिन्यांत तिच्या तोंडावर आठी दिसली नव्हती. आठी पडायला समोरचं माणूस आपलं असावं लागतं.

"लुबर्ट," ती म्हणाली. "खोटं बोलतोयस तू."

त्याच्या हातातला चमचा खाली पडला.

"हो," तो म्हणाला.

"मोडलीस ना माझी बॅटरी?"

"हो, फेमी. चार्जरवर ठेवली. काढलीच नाही."

"वेंधळा आहेस." तिनं हात लांब करून त्याची कॉलर सारखी केली. "आणि हा थापाड्या कशाला आणलास? यानंच शिकवलं असणार."

मी आयुष्यात इतक्या आनंदानं शिवी खाल्लेली नाही.

ते किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही. कॉफी निवायला लागतो तेवढा वेळ असेल. तिनं नदीला पाणी किती आहे विचारलं, त्यानं सांगितलं. मग कॉलरवरचा तिचा हात थांबला. तो कुणाच्या कॉलरवर आहे ते तिनं पाहिलं, आणि परक्या माणसाला हात लागल्यासारखा झटकन मागे घेतला.

"माफ करा हं," ती म्हणाली.

परतताना तो पूर्ण अकरा किलोमीटर बोलत होता. आठी बघितलीस का, वेंधळा म्हणाली ऐकलंस का, आवाज कसा अगदी तिचाच होता. काम्पेनच्या वेशीवर त्यानं विचारलं, "उद्या काय सांगू?"

"उद्याही हेच," मी म्हणालो. इतकी वर्षं थापा मारून मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तो गेला आणि खोटं बोलला. तिसऱ्या दिवशीही. तिनं पकडावं म्हणून बोलायचा. बोलून झालं की चेहरा तिच्याजवळ नेऊन थांबायचा. पण खोट्याचा हात बसतो, तसा त्याचाही बसला. पंधरवड्यात तो न अडखळता बोलू लागला, महिन्याभरात सहज. सहा आठवड्यांनी दुकानदारानं फोन केला की बॅटरी काही मिळत नाही. आज मटारचं सूप केलंय असं सांगावं, तितक्या सहज लुबर्टनं मला ते सांगितलं.

नोव्हेंबरात मी पुन्हा एकदा सोबत गेलो.

"अहो, माझी बॅटरी भरली का?"

"भरली आहे, बाई. पूर्ण. आज वारा पाठीमागून आहे, झरकन पोचाल."

मी त्याच्या कानांकडे पाहिलं. थंडीनं होतात तेवढेच लाल होते, जास्त नाही.

"बरं झालं," फेमी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

तो थोडा वेळ तिच्याकडे पुढे झुकून बसला. मग त्यानं तिच्या स्वेटरची बटणं सोडली आणि खालपासून एकेक नीट लावत वर आला.