दरबारात माशी शिंकली

दिवाणजींनी चांदीच्या ताटातला बेल उचलला, भंडाऱ्याची चिमूट घेतली, महाराजांकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाले, "हो जी."

"कट," हर्षित म्हणाला आणि कॅमेऱ्यामागे मटकन खाली बसला.

सिनेमा तिथंच संपला होता. अख्खी गोष्ट उभी होती ती दिवाणाच्या नकारावर. महाराजांनी सख्ख्या भावाला संपवलंय. आता दिवाणानं बेलभंडार उचलून रयतेसमोर शपथ घ्यायची, की भाऊ तापानं गेला. दिवाण राजाचा निष्ठावंत, पण देवालाही मानणारा. तो बेल परत ताटात ठेवतो आणि म्हणतो, 'मान मागा, देतो. खोटी शपथ नाही.' मग त्याची मान जाते आणि मध्यंतर होतं. दिवाणच हो म्हणाला तर मध्यंतरानंतर लोकांना दाखवायचं काय, हा हर्षितचा प्रश्न होता. त्यानं आजवर लग्नांचे व्हिडिओ काढले होते. तिथं निदान सगळे हो म्हणाले की काम भागायचं.

माशी शिंकली होती ती माणसं निवडतानाच. सिनेमाला पैसा वामनरावांचा, म्हणून महाराज वामनराव. कळमन्यातलं त्यांचं मिरचीचं गोदाम रिकामं करून तिथं दरबार लावला. आणि गोदामाचा कारभार पाहणाऱ्या ताराचंदांना तर सगळे आधीपासूनच दिवाणजी म्हणत. दिवाणाचं काम दिवाणजीच करन, बाहेरून माणूस कायले आणता, असं वामनरावांनी ठरवून टाकलं. ताराचंद उमरेडचे, विणकराघरचे. घरचा माग विकला तेव्हापासून ते वामनरावांकडे होते आणि तेव्हापासून मालकासमोर त्यांच्या तोंडून 'हो जी'शिवाय काही निघालं नव्हतं. नकार त्यांना पाठ होता. फक्त ओठांवर येत नव्हता.

त्यात गोदामातली मिरची हलवली, तरी तिचा खकाणा हलला नव्हता. भिवापुरी मिरची ती. पंखा लावला की दरबार शिंकायचा आणि सरदारांचे भाले एकमेकांवर आपटायचे. पंखा बंद केला की घामानं महाराजांच्या मिशीचा गोंद सुटायचा. बोलण्यामागून शिंक आली की बोलणं खरं ठरतं, असं गोदामात कामाला असलेल्या मैनाबाईला तिच्या आईनं सांगितलेलं. त्यामुळे प्रत्येक शिंकेला ती न चुकता म्हणायची, "सत्य हाय." की आणखी एक टेक वाया.

मैनाबाई सिंहासनामागे चवरी ढाळायला उभी होती. डाव्या हातानं. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मागच्या महिन्यात याच गोदामात पोती उतरवताना ती थप्पीवरून खाली आली आणि कोपराचा चुरा झाला. तेव्हा खाली एकटे दिवाणजी उभे होते. त्यांनीच तिला ऑटोत बसवून दवाखान्यात नेलं. तिनं भरपाईचं काढलं, तेव्हा वामनरावांनी तिला दासीचा रोल दिला.

आणि उद्या चौकशीला कामगार ऑफिसचे साहेब येणार होते. दिवाणजींनी त्यांना एवढंच सांगायचं होतं, की बाई त्या दिवशी कामावर नव्हतीच. सकाळी मिशी चिकटवून घेता घेता वामनरावांनी हे सांगितलं, आणि दिवाणजी म्हणाले होते, हो जी.

"काकाजी," हर्षित जवळ येऊन हळूच म्हणाला, "तुमी सेठजीकडे पाहूच नका."

"महाराजाशी बोलाचं, अन् पाहाचं कुठं गा?"

"त्यांच्या खांद्यावरून मागं पाहा. कॅमेऱ्यात फरक नाही पडत."

दिवाणजींनी मान हलवली आणि चप्पल काढून भिंतीशी ठेवली. प्रत्येक टेकआधी ते चप्पल काढत. पाय फ्रेममध्ये येत नाहीत, असं हर्षितनं त्यांना पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं होतं. दिवाणजींचं म्हणणं, पण बेल तर खरा आहे.

प्लास्टर झाकलं का, हर्षितनं विचारलं. मैनाबाईनं शालीचं टोक दातात धरून उजव्या हातावर ओढलं आणि डाव्या हातात चवरी घेतली.

महाराज गरजले. दिवाणजींनी बेल उचलला आणि महाराजांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. शाल घसरत होती. मैनाबाई हनुवटीनं ती दाबून धरायचा प्रयत्न करत होती आणि चवरी मात्र संथ हलत होती. दिवाणजींनी बेल परत ताटात ठेवला. एकेक पान नीट लावून ठेवावं तसा.

"मान मागा, देतो," ते म्हणाले. "खोटी शपथ नाही."

कुणी शिंकलं नाही.

हर्षितनं कट म्हटल्यावर सरदारांनी भाले खाली टाकून टाळ्या वाजवल्या. वामनराव तर सिंहासनावरून उतरून आले आणि त्यांनी दिवाणजींच्या पाठीवर थाप मारली.

"वा गा दिवाणजी. उद्या साहेबापुढं असंच बोलजो. एकदम पक्कं."

दिवाणजी हो जी म्हणाले नाहीत. वामनरावांच्या ते लक्षात आलं नाही. ते मिशी चाचपत होते.

एक टेक हाताशी असावा म्हणून हर्षितनं पुन्हा सगळ्यांना जागेवर बोलावलं. मैनाबाईनं शालीचं टोक दातात धरलं.

"राहू दे वं मैनाबाई," दिवाणजी म्हणाले. "उघडाच राहू दे हात."

"काकाजी, त्या काळात प्लास्टर नव्हतं," हर्षित म्हणाला.

"हात तर मोडत असतीन ना गा."

हर्षितनं वामनरावांकडे पाहिलं. वामनराव सिंहासनाच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबले होते. मिशीची एक बाजू लोंबत होती.

"दिवाणजी," ते म्हणाले, "उद्याचं ध्यानात हाय ना?"

"ध्यानात हाय मालक. मी तिथंच होतो."

वामनरावांनी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांना शिंक आली. एवढी मोठी, की मिशी उडून भंडाऱ्याच्या ताटात पडली.

सगळा दरबार मैनाबाईकडे बघायला लागला. तिनं शाल काढून घडी केली आणि सिंहासनाच्या पाठीवर टाकली.

दिवाणजींनी चप्पल काढून भिंतीशी ठेवली आणि ते जागेवर जाऊन उभे राहिले.