दांडीवरचा कोट

मावशीचं तोंड तिखट आणि मन लोण्याचं, असं सगळी मंडळी म्हणायची. अर्थात तिच्या पाठीमागे. जन्मभर लॉन्ड्रीत इस्त्री करून ती निवृत्त झाली आणि लगेच तिने चर्चच्या मागची खोली ताब्यात घेतली. तिथे लोकांनी दान दिलेल्या कपड्यांचा ढीग पडलेला असे. एकदा एक बाई मान खाली घालून तो ढीग उपसताना तिला दिसली. पावलं वाजली की ती बाई उगाच काहीतरी हरवल्यासारखं करायची. मावशीला ते बघवेना.

"देवाच्या घरात ही काय उकिरडा चिवडायची पद्धत?" असं म्हणून तिने ढीग धुतला, इस्त्री केला, खोलीत आडवी दांडी ठोकून घेतली आणि कपडे हँगरवर लावले. समोर माणसाच्या उंचीचा आरसा. येणाऱ्याने निवडावं, घालून बघावं, नाही आवडलं तर खुशाल नाक मुरडावं. नियम दोनच. दांडीवर लागलं ते गेलं, परत मागायचं नाही. आणि घेणाऱ्याला 'का' म्हणून विचारायचं नाही.

घोळ झाला तो एका शनिवारी. चर्चमध्ये उपदेश करणाऱ्या पाळकांकडे एकच बरा कोट होता, काळा. रविवारी बिशप यायचे होते म्हणून ते तो इस्त्रीला घेऊन आले. इस्त्रीचे कपडे दारामागच्या खिळ्यावर लावायचे, हे त्यांना ठाऊक होतं. पण खिळ्यावर मावशीची छत्री होती आणि मावशी पाणी भरायला गेली होती. पाळकांनी कोट दांडीवर अडकवला आणि उद्याच्या उपदेशाचा विचार करत निघून गेले.

मावशीने आल्या आल्या कोट ओळखला. मागच्याच रविवारी पाळक म्हणाले होते, की नको झालेलं देणं म्हणजे घर झाडणं; जे आपल्याला लागतं ते देणं हेच खरं देणं. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकी वर्षं उपदेश ऐकले," ती स्वतःशीच म्हणाली, "पण बोललेलं आठवडाभरात करून दाखवणारा हा पहिलाच." तिने कोटावरून मन लावून इस्त्री फिरवली आणि तो दांडीवर सगळ्यांत पुढे लावला.

थोड्या वेळाने एक तरुण आला; मावशीने मनातल्या मनात त्याचं नाव लंबू ठेवलं. पाळक उंच, पण हा त्यांच्याही वर चार बोटं. मावशीने काही विचारलं नाही, तरी त्यानेच सांगून टाकलं. तुरुंगातून नुकताच सुटलाय, बस डेपोमागे आईकडे राहतो, सोमवारी गोदामात नोकरीसाठी बोलावलंय. त्याच्या अंगाला बसेल असा एकच कपडा तिथे होता. लंबू तो काळा कोट घालून गेला आणि मावशी दिवसभर गुणगुणत राहिली.

संध्याकाळी पाळक आले, सोबत कारभारी. चर्चचे सगळे व्यवहार बघणारे हे कारभारी म्हणजे शिस्तीचा पुतळा; खुर्च्या ठेवायला ही खोली मिळावी म्हणून ते कधीपासून टपलेले.

"मावशी, झाला का माझा कोट?" पाळकांनी विचारलं.

मावशीने इस्त्री खाली ठेवली. तिने सगळं सांगितलं. कारभाऱ्यांना आयतंच निमित्त मिळालं.

"उद्या बिशपांसमोर पाळकसाहेब काय गंजीफ्रॉकवर उभे राहणार? तो कोट आत्ता परत आणा. नाहीतर सोमवारपासून या खोलीत खुर्च्या!"

मावशी निघाली. आपलाच नियम आपल्याच हाताने मोडायचा, याची तिला लाज वाटत होती. पण खोली गेली तर पुन्हा ढीग आणि पुन्हा ती खाली घातलेली मान. रस्ताभर ती मागायचं कसं याची वाक्यं जुळवत होती.

दार लंबूच्या आईने उघडलं. लंबू कोट घालून खोलीच्या मधोमध उभा होता.

"याला घेऊन गेले त्या दिवसापासून मी याच्या तोंडाकडे नीट बघितलं नव्हतं हो," आई म्हणाली. "आज बघतेय."

मावशी आत आली.

"बाह्या तेवढ्या आखूड आहेत," लंबू ओशाळून म्हणाला. "हात मागे बांधून उभा राहीन म्हटलं, पण तसं आम्हाला आत उभं करायचे."

"काढ तो कोट. दे इकडे," मावशी म्हणाली.

माय-लेकांचे चेहरे पडले. मावशीने कोट मांडीवर घेतला आणि सुई-दोरा मागितला. बाहीची आत दुमडलेली पट्टी उसवताना आपण कशासाठी आलो होतो ते तिला आठवलं. क्षणभर ती थांबली. मग तिने दुसरी बाहीही उसवली.

"आणला?" ती परतताच कारभाऱ्यांनी विचारलं.

"बाह्या वाढवून दिल्या," मावशी म्हणाली. "आता तो पाळकसाहेबांना व्हायचा नाही."

कारभारी लालबुंद झाले. पाळक मात्र पोट धरून हसत सुटले. "मावशी, मग मलाच दाखवा काहीतरी दांडीवरचं. आणि कारभारी, खुर्च्या माझ्या घरात ठेवा. बसायला तरी होतील."

रविवारी पाळक मनगटं उघडी टाकणाऱ्या तपकिरी कोटात उभे राहिले. "काल मी त्या आरशासमोर घेणारा म्हणून उभा होतो," ते म्हणाले. "इतकी वर्षं मागायला लाजू नका, हात पुढे करा म्हणून लोकांना सांगत आलो. किती जड असतो तो हात, ते काल कळलं." बिशपांनी उपासनेनंतर ती खोली मुद्दाम पाहिली आणि आरशात स्वतःची कॉलरही सारखी करून घेतली.

लंबूला नोकरी लागली. गोदामाचा गणवेश मिळाला तसा तो पेढ्यांचा पुडा आणि कोट घेऊन आला. "माझ्यासारखा कोणी आला तर," म्हणत त्याने कोट दांडीवर लावला. पाळकांनी हौसेने घालून पाहिला. बाह्या बोटांपर्यंत आल्या. "गेलं ते गेलं," मावशी म्हणाली आणि दोघंही हसले.

त्याच संध्याकाळी, सगळे गेल्यावर, कारभारी दारात येऊन उभे राहिले. आवाज अगदी खाली.

"मावशी, तो लांब बाह्यांचा कोट... आहे का अजून?"

मावशीने खिडकीतून पाहिलं. बाहेर पायरीवर एक उंच माणूस खांदे पाडून बसला होता. तोंडवळा थेट कारभाऱ्यांचा. त्यांना भाऊ आहे, हे मंडळीत कोणालाच माहीत नव्हतं.

मावशीच्या जिभेवर कितीतरी टोमणे आले. खुर्च्यांवरून तर एक फारच झकास होता. तिने तो गिळला, फडका घेऊन आरसा पुसला आणि कोट दांडीवरून काढला.

"त्यांना आत बोलवा," ती म्हणाली. "आरसा मोकळाच आहे."