उखळी तोफेची गाडी

भंगार तोडणाऱ्या गुणाजीच्या लेकीचं, सुगंधाचं लग्न झालं ते १९८४ साल. त्याच वर्षी मे महिन्यात कुर्ल्याच्या एका भंगारवाड्यात लष्कराची जुनी गाडी तोडायला आली. तिच्या पोटातूनच उखळी तोफ डागायची, म्हणून छपराला जाड पोलादी झाकण होतं.

गुणाजी आत उतरून हातोडा चालवत असताना ते झाकण धाडकन पडलं. आतून उघडायची कडी नव्हती. पितळ आधी काढायचं म्हणून आदल्या दिवशी त्यानेच ती उपटली होती. पत्रा उन्हाने तापलेला. त्याचं ओरडणं बाहेर जाईना, म्हणून तो जिवाच्या आकांताने हातोडा आपटू लागला. गाडीखाली नट सोडवणारा जोडीदार रतन उलट ठोकून त्याला दाद देऊ लागला.

तेव्हा गुणाजीच्या ध्यानात आलं, की ठोकण्याचा आवाज म्हणजे इथे सगळं ठीक. त्याने हातोडा खाली ठेवला आणि घामाघूम होऊन गप्प बसला. जीव घाबरा होत होता, तरी हात उचलला नाही.

"झोपलास काय रे, आळशा?" म्हणत रतन वर चढला. पहारीने झाकण उचलताच त्याला घामाने निथळणारा गुणाजी दिसला.

"मेला असतास ना यार!"

गुणाजी जगला. रतन मात्र १९८७च्या दिवाळीत काविळीने वारला.