पाच शितांची जागा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. सिंगापुरात तोआ पायोह वस्तीतल्या एका रहिवासी ब्लॉकखाली सुशीचं छोटंसं दुकान आहे. तिथे गिऱ्हाइकं माझ्यापुढे ओळीने बसतात. पलीकडे उभे असलेले मालक मोरितासान हातानेच भाताचा मुटका वळतात, वर माशाचा तुकडा बसवतात आणि तो गिऱ्हाइकांसमोर, थेट माझ्या अंगावर, ठेवतात.

मी जपानातल्या हिनोकी नावाच्या सुवासिक झाडाची. सुताराने रंधून गुळगुळीत केलं तेव्हा मी दुधासारखी गोरी होते. माझ्यावर डाग राहू द्यायचा नाही, हा मोरितासानांचा नेम. लोक हात फिरवून माझी वाहवा करत. मला ते आवडायचं.

मग दीनानाथ येऊ लागले. पुण्याहून लेकीकडे राहायला आलेले गृहस्थ. दर बुधवारी दुपारी भिंतीकडच्या खुर्चीवर बसत. मासा खात नसत. काकडीची, नाहीतर अंड्याच्या गोडसर पोळीची सुशी मागत. ती समोर आली की आधी भाताची पाच शितं काढून उजव्या हाताला माझ्यावर ठेवत. मग बोटं पाण्यात बुडवून भोवती ओलं मंडळ काढत, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत, आणि नंतर जेवत.

मोरितासान मनातून दुखावले. सुशी करणाऱ्याचा सगळा मान त्याच्या भातात असतो. त्यांनी बायकोला विचारायला लावलं. मे लिंग तोआ पायोहमध्येच वाढलेली. तिने विचारलं, "अंकल, राइस टू मच, इज इट?"

दीनानाथांनी प्रसन्नपणे मान डोलावली. तुम्हाला ती मान कळेल. पुण्यात तिचा अर्थ 'छान चाललंय'. मोरितासानांना ती 'हो' वाटली.

त्या दिवसापासून भात कमी होऊ लागला. तरी शितं निघतच. मग भात आणखी कमी. शेवटी अंड्याखाली सुपारीएवढा उरला. एकदा बरोबर आलेल्या लेकीच्या, सुलेखाच्या, भुवया वर गेल्या. तेव्हा दीनानाथ हळूच म्हणाले, "भात परवडत नसेल बिचाऱ्याला. काही विचारू नकोस." आणि त्या सुपारीतूनही त्यांनी पाच शितं काढली.

पाणी मुरून मुरून माझ्यावर काळसर मंडळ उमटलं. मोरितासानांनी घासलं, लिंबू चोळलं, तरी जाईना. गिऱ्हाइकं म्हणत, बाकी छान आहे, तेवढा डाग. मला लाज वाटायची.

पुढे दीनानाथ यायचे थांबले. तरीही कधीकधी बुधवारी सकाळी दुकान उघडलं की भिंतीकडचं मंडळ ओलं दिसे. तिथे कोणी बसलेलं नसे. मोरितासान पुसत आणि पुन्हा वळून पाहत. अखेर त्यांनी सुताराला बोलावलं. सोमवारी दुकान बंद असताना तो मला रंधणार होता. मी खूश झाले.

आदल्या दिवशी सुलेखा एकटीच आली. वडिलांची खोली आवरून झाली होती, कपडे देऊन झाले होते. आता ते जिथे बसत तिथे तिला एकदा बसायचं होतं. पण बसवेना. ती शेजारच्या खुर्चीवर बसली.

अंकल कुठे आहेत, असं मे लिंगने विचारलं. बाबा वारले, नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात, सुलेखा म्हणाली. शेवटी शेवटी मऊ भात मागत होते, पण त्यांना गिळता येत नव्हतं.

मोरितासानांनी अंड्याची सुशी केली आणि रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली. भात सुपारीएवढाच. सुलेखाने विचारलं, इतका कमी का?

"अंकल हेट राइस, लाह. एव्हरी टाइम टेक आउट," मे लिंग म्हणाली.

मग सुलेखाने सांगितलं. ती चित्राहुती. जेवणाआधीचा वाटा. चित्रगुप्ताला, यमाला, आणि शेवटचं शीत सगळ्या भूतांना, म्हणजे ज्यांना कोणी वाढत नाही त्या सगळ्यांना.

"बाबांना भात फार आवडायचा," ती म्हणाली.

मित्रांनो, दर बुधवारी त्या खुर्चीशेजारी कोण कोण जेवून गेलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

मे लिंगला जास्त सांगावं लागलं नाही. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात ती स्वतः ब्लॉकखाली भुकेल्या आत्म्यांसाठी ताट मांडते. तिने नवऱ्याला जपानीत समजावलं. मोरितासान मान खाली घालून उभे राहिले. मग त्यांनी भाताच्या लाकडी घंगाळात दोन्ही हात घातले आणि कुठल्याही गिऱ्हाइकापुढे ठेवली नसती अशी मूठभर भाताची ओबडधोबड सुशी वळली. ती त्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली.

सुलेखाने कधी चित्राहुती घातली नव्हती. घरात ते बाबांचं काम. तिने पाच शितं काढली, ओलं बोट फिरवलं. पाणी आपसूक जुन्या मंडळावरूनच वाहिलं. तेव्हा तिला ते मंडळ दिसलं. तिने त्यावर तळवा ठेवला.

"हे त्यांचं?"

मे लिंगने हो म्हटलं, आणि उद्या सुतार येणार असल्याचंही सांगितलं. सुलेखाने हात उचलला नाही. तिने मोरितासानांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. या वेळी त्या मानेचा अर्थ सगळ्यांना सारखाच कळला.

सोमवारी सुताराने मला रंधलं, भिंतीकडची वीतभर जागा सोडून. मी पुन्हा गोरी झाले. तेवढी जागा मात्र किंचित उंच राहिली आहे. फिरता हात तिथे अडखळतो. सुलेखाचा हात तिथे थांबतो.

अजूनही एखाद्या सकाळी ते मंडळ ओलं असतं. इथली हवाच दमट, असं मे लिंग म्हणते. पण ती ते पुसत नाही. माझीही आता तक्रार नाही.

मित्रांनो, डाग दिसला की जरूर पुसा. फक्त फडकं टेकवण्याआधी एकदा विचारा, इथे कोण जेवायचं?