प्रकाशनस्थळ: गिरणीची पाटी

मला पगार मिळतो तो चुका शोधण्याचा. सॉफ्टवेअर कंपनीत दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं आणि ते कुठे मोडतंय ते सांगायचं. हे काम करणारी माणसं कुणाला फारशी आवडत नाहीत आणि सदाशिव पेठेतल्या अवकाश वाचक मंडळाच्या कार्यवाहांना, श्रीधररावांना, तर मी मुळीच आवडत नव्हते. पण त्या वर्षीचं भांडण मी उकरून काढलेलं नाही. एक्केचाळीस पोस्टकार्डांना रबरबँड लावून त्यांनी ती माझ्या हातात परत दिली, तिथून ते सुरू झालं.

मंडळ दर वर्षी एका विज्ञानकथेला वाचकपसंती पुरस्कार देतं. परीक्षक वगैरे नाहीत. कुणीही मराठी वाचकाने पोस्टकार्डावर वर्षभरातल्या एका कथेचं नाव सुचवायचं आणि ती कुठे प्रकाशित झाली ते लिहायचं. सर्वांत जास्त कार्डं येतील त्या पाच कथा मतदानाला जातात. आमच्या एक्केचाळीस कार्डांवर एकच प्रकाशनस्थळ होतं: गिरणीची पाटी, विश्रांतवाडी.

ही पाटी म्हणजे हुस्नबानूभाभींच्या पिठाच्या गिरणीबाहेरचा काळा फळा. 'बाजरी वेगळी ठेवा', 'वीज नाही, डबा ठेवून जा' असल्या सूचनांसाठी टांगलेला. दोन हजार पाच साली भारनियमन वाढलं, तशी माणसं गिरणीवर ताटकळायला आणि कुरकुरायला लागली. एके दिवशी भाभींनी सूचनेखाली चार ओळी लिहिल्या. एक गिरणी होती, ती उलटी फिरायची, वरून पीठ टाकलं की खाली गहू पडायचा. दुसऱ्या दिवशी ते पुसून पुढच्या चार ओळी. गुरुवारी तर दिवसभरच वीज नसायची, त्यामुळे गुरुवारी पाटी भरून मजकूर. असं पाच महिने चाललं.

मी अकोल्याची. पुण्यात तीन वर्षं काढूनही ऑफिसबाहेर कुणाशी चार शब्द बोलले नव्हते. कथेतली एक बाई नवऱ्याची राख डब्यात घालून त्या गिरणीवर आली आणि गिरणीवालीने तिला एवढंच विचारलं, "किती मागं जायचं हाय?" त्या दिवशी मला रांगेत उभ्या उभ्या रडू आलं. माझ्यापुढे संपत होता, कारखान्यातला फिटर. तो रोजच्या ओळी वहीत उतरवून घ्यायचा. त्यानेही डोळे पुसले आणि मग आम्ही दोघं बोलायला लागलो. पोस्टकार्डांची कल्पना माझी, पण ती रांगेतल्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहिली. निम्म्या कार्डांवर पिठाचे अंगठे उठले होते.

"फळ्यावर लिहिलेलं प्रकाशित होत नसतं, पूर्णिमाबाई," श्रीधरराव म्हणाले. "ते नुसतं लिहिलेलं असतं. पुढे पुसलं जातं."

"एक्केचाळीस लोकांनी वाचून कार्डं पाठवलीत."

"आमच्या दारावर 'येथे गाडी लावू नये' असं आहे. ते रोज शंभर लोक वाचतात. अजून कुणी त्याला पुरस्कार दिलेला नाही."

मग त्यांनी उदारपणे एक तोडगा काढला. संपतची वही आणून द्यायची, भाषा जरा स्वच्छ करू, 'हाय'चं 'आहे' करू, मंडळाच्या वार्षिकात छापू आणि पुढच्या वर्षी विचार करू. असल्या उदारपणाने माझं डोकं जास्त फिरतं.

मी भाभींना सांगायला गेले, तेव्हा त्या गिरणीचा दगड काढून त्याला टाकी लावत होत्या. सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांचे घाव थांबले नाहीत.

"माझी भाषा मळलीय का?" त्यांनी विचारलं. "लोकांना समजली की. आणि पुढच्या वर्षी कशाला? लोकांनी ती या वर्षी वाचली."

"मग सोडून देऊ या का?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि टाकी खाली ठेवली. "मी सातवी शिकले, बेटा. आमच्या ह्यांचं अक्षर वाईट, म्हणून पाटी माझ्याकडे आली. पाच महिने लोक माझं लिहिलेलं वाचायला वळून बघायचे. आता ते साहेब म्हणतात, असं काही झालंच नाही. बक्षीस राहू दे त्यांच्याकडे. त्या यादीत माझं नाव पाहिजे."

मग मी मला येतं ते काम केलं. मंडळाची नियमावली घेऊन बसले आणि ती कुठे मोडते ते शोधलं. चौदाव्या नियमाशी आले आणि एकटीच हसत सुटले.

रविवारच्या सभेला तीसेक सभासद होते. श्रीधररावांनी आमची कार्डं बाद झाल्याचं वाचून दाखवलं, तेव्हा मी उठले आणि नियम चौदा वाचला. "मंडळाच्या दर्शनी फलकावर खडूने लिहिलेला मजकूर त्या दिवशी प्रकाशित झाला असे समजण्यात येईल. नंतर पुसला गेल्याची सबब चालणार नाही."

सभा हसली. दोन वर्षांपूर्वी काही सभासद सभेची सूचना मिळाली नाही म्हणून भांडले होते, तेव्हा हा नियम श्रीधररावांनीच घालून घेतला होता.

"तो आपल्या फलकापुरता आहे," ते म्हणाले.

"म्हणजे सदाशिव पेठेतल्या खडूने प्रकाशित होतं आणि विश्रांतवाडीतल्या खडूने नुसतं लिहिलं जातं?"

ते काही बोलायच्या आत मागून कुसुमताई उठल्या. मंडळ स्थापन करणाऱ्यांतल्या त्या एकट्याच उरलेल्या. "श्रीधर, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे वाचक मंडळात तरी नको," त्या म्हणाल्या. "हात वर करा पाहू." एकवीस हात वर आले. श्रीधररावांनी ते दोनदा मोजले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यादी फलकावर लागायची होती. भाभी गिरणी बंद करून माझ्याबरोबर आल्या, नवी ओढणी घेऊन. फलक श्रीधररावांच्या सुंदर अक्षरात होता. चार कथांपुढे लेखक आणि अंकांची नावं. पाचवी ओळ अशी: 'उलटी गिरणी', हुस्नबानू (फळ्यावरील मजकूर).

माझ्या तोंडात शिवी आली होती. भाभींनी मात्र ती ओळ सावकाश वाचली, पुढे झाल्या आणि ओढणीच्या टोकाने कंसातलं तेवढंच पुसलं. मग खाचेतला खडू उचलून त्या जागी लिहिलं: गिरणीची पाटी, विश्रांतवाडी. अक्षर श्रीधररावांच्या तोडीचं होतं.

"अहो, मंडळाच्या फलकावर बाहेरच्यांनी लिहायचं नसतं," दारातून श्रीधरराव म्हणाले. त्यांच्या हातात डस्टर होतं.

भाभींनी खडू जागेवर ठेवला आणि हात झटकले.

"पुसा की, साहेब," त्या म्हणाल्या. "पण आता झालं प्रकाशित. नंतर पुसलं, ही सबब चालत नाही म्हणे."